पहिल्या सहीसाठी ठेवलेली फाईल

१९ मे, सोमवार

आली एकदाची ऑर्डर. दहा वाजून चार मिनिटांनी ग्रुपवर पडली आणि सव्वादहाला शिपायापासून सगळ्यांना पाठ. परिवहन खात्याच्या आमच्या मराठवाडा कार्यालयाचे संचालक वाघचौरे साहेब नागपूरला आणि त्यांच्या जागी पुण्याहून सत्यम दहिफळे. वय एकोणचाळीस. मी नोकरीला लागले तेव्हा हे पाच वर्षांचे असतील. आता त्यांनाच विचारायचं, साहेब, आत येऊ का?

हे माझे पंधरावे. चौतीस वर्षांत पंधरा साहेब, त्यात चार नुसते प्रभारी. साहेब येतात, साहेब जातात आणि केबिनबाहेरच्या खुर्चीत स्वीय सहायक सुलेखा खिल्लारे तिथंच असते. पण आमचा शिपाई कारभारी, ज्याला सगळं आधी कळतं, तो म्हणाला, "ताई, हे साहेब म्हणं जातील तिथं आपला माणूस संगं नेत्यात." मी म्हटलं, आणू दे की, मार्चमध्ये मी रिटायरच होतेय. तोंडानं म्हटलं, पण दिवसभर तेच डोक्यात. शेवटचे दहा महिने जावक टेबलावर पाकिटं चिकटवत बसायचं की काय मी?

दुपारी विधी शाखेतून नरवडेची फाईल परत आली. इंद्रजीत नरवडे, तपासणी पथकाच्या जीपवर चालक होता, पाचोडचा. कोरोनात गेला. बायको तनुजा चार वर्षं अनुकंपा यादीत आहे आणि आता तिचा पहिला नंबर. मार्चअखेर जागा रिकामी झाली तेव्हापासून ही फाईल शाखाशाखांतून फिरत होती. आज सगळ्यांचे शेरे लागून आली. आता फक्त संचालकांची सही. ऑर्डरच्या तिन्ही प्रती मी आजच टाईप करून आत लावल्या.

लावल्या आणि माझ्या कपाटात ठेवल्या. माझी एक रीत आहे. नवीन साहेब खुर्चीत बसले की पहिल्या सहीला त्यांच्यापुढं नेमणुकीचा कागद ठेवायचा. मेमो नाही, निलंबन नाही, रजा नाही. कुणाच्या तरी घरात चूल पेटेल असा कागद. नऊ साहेबांना मी अशी सही करायला लावली आणि नऊही साहेबांनी ते पुढं बोलून दाखवलं. आणि विधवेला पहिल्याच दिवशी नोकरी म्हटल्यावर पेपरात फोटोही येतो. बाईचंही भलं, साहेबांचंही नाव. गुरुवारी दहिफळे येतायत. दोन-तीन दिवसांचा तर प्रश्न.

२१ मे, बुधवार

तनुजा आली होती. पाचोडहून पहिल्या गाडीनं. दारातल्या बाकावर अंग चोरून बसली होती. मी आत बोलावलं, समोर बसवलं, चहा सांगितला.

"मॅडम, माझं काय झालं का? ह्यो रविवार सोडून पुढच्या रविवारी एक तारीख येती."

एक जून. यादीचा नियम असा की पंचेचाळीस पूर्ण झाली की नाव बाद. आणि एकदा आईचं नाव लागलं की पुढं पोरांचं लागत नाही. तिची मुलगी आत्ताशी सातवीत. मी विचारलं, खरोखर एक जूनचीच का गं तू? तर हसली. "कशाची वो! मी दिवाळीतली. मास्तरनं समद्या वर्गाची एकच तारीख टाकली." आमच्या निम्म्या ऑफिसचा वाढदिवस एक जूनला असतो, ते असंच.

मी म्हटलं, काळजी करू नकोस, फाईल अगदी शेवटच्या टप्प्यात आहे. ते खरंच होतं. "तुमच्यावर हवाला आहे बगा," असं म्हणून निघाली. कपबशी स्वतः विसळून ठेवली. नको म्हटलं तरी ऐकेना.

२२ मे, गुरुवार

दहिफळे आले नाहीत. कारभारी म्हणतो, मुंबईला गेलेत, बदली रद्द करून घ्यायच्या मागं आहेत. मराठवाडा म्हटलं की यांच्या पोटात गोळा येतो. आम्ही इथं काय माणसं नाही राहत का?

२६ मे, सोमवार

बदली रद्द झाली नाही. दहिफळेंच्या पुण्याच्या स्वीय सहायकाचा फोन आला. उद्या अमावस्या, त्यामुळं साहेब शुक्रवारी येणार, मुहूर्त अकरा चाळीस. मी विचारलं, तुम्ही पण येताय का? तो नुसता हसला. हो म्हणाला नाही, नाही म्हणाला नाही.

दुपारी वाघचौरे साहेबांनी बोलावलं. टेबलाचे ड्रॉवर रिकामे करत होते. म्हणाले, "सुलेखाताई, माझ्या सहीचं काही राहिलंय का? असेल तर आणा, आज निवांत आहे."

मी म्हटलं, "नाही साहेब, काही नाही."

आता यात माझं काय चुकलं? बदलीची ऑर्डर निघाल्यावर जाणाऱ्या साहेबानं नेमणुकीवर सही केली की बोंब होते, जाता जाता हात धुवून घेतले म्हणून. एका साहेबाची अशी चौकशी लागलेली मी पाहिलीय, बिचाऱ्याचं पेन्शन दोन वर्षं लटकलं. वाघचौरे साहेब देवमाणूस. त्यांना कशाला त्या फेऱ्यात घालू? शुक्रवार तीस तारीख. शनिवार-रविवार सुटी. म्हणजे एक जूनच्या आत एक अख्खा कामाचा दिवस हातात आहे. पुरे आहे. सहीला किती वेळ लागतो!

२८ मे, बुधवार

गुलमंडीत शाली घेतल्या. येणाऱ्याला एक, जाणाऱ्याला एक. औरंगपुऱ्यात हार सांगून आले. दुकानदार म्हणाला, ताई, दोन्ही हार सारखेच करू का? म्हटलं, येणाऱ्याचा जरा भरगच्च कर.

घरी आईला नरवडेचं सांगत होते. आई ऐंशीची आहे. विहारात जाऊन आली होती आणि मेथी निवडत बसली होती. सहज म्हणाली, "तुझ्या टायमाला बी साहेबाची बदली झाली व्हती."

मला हे माहीतच नव्हतं. बाबा वारले तेव्हा मी बावीसची, त्यांच्या जागी मला घेतलं खरं, पण माझं लक्ष कुठं होतं!

"बदली झालेली, अन् साहेब तापानं निजलेला बंगल्यावर. तो उस्मानबाबू म्हणून व्हता न् तुमच्या हापिसात, तो सायकलवर गेला बंगल्यावर. म्हणला, साब, आज करो, कल का क्या भरोसा. साहेबानं पडल्या पडल्या सही केली. अन् तसाच रातच्याला आपल्या दारात आला कागद घेऊन." मेथीची काडी बाजूला टाकत आई म्हणाली, "तू का थांबलीस गं?"

मी तिला रीत समजावून सांगितली. चौकशीचं सांगितलं. तिला काही पटलं नसावं. तेव्हाचा काळ वेगळा होता. आता कुणी बंगल्यावर कागद नेला तर साहेबाच्या आधी दारातला कुत्राच सोडतील.

३० मे, शुक्रवार

सगळं नीट क्रमानं लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटायचं नाही.

साडेअकराला दहिफळे आले. पांढरा शर्ट, हातात दोन फोन. बरोबर कुणी नव्हतं, ते मी आधी पाहिलं. अकरा चाळीसला पदभार प्रमाणपत्रावर जाणाऱ्याची सही, येणाऱ्याची सही. त्या छापील नमुन्यात खाली दोन शब्द असतात, मध्यान्हपूर्व आणि मध्यान्हनंतर. जो नको तो खोडायचा. मध्यान्हपूर्व ठेवलं तर त्या क्षणापासून जाणारा संपला, अधिकार सगळे येणाऱ्याचे. मी पट्टी लावून 'मध्यान्हनंतर'वर दोन सरळ रेघा मारल्या. हार, शाल, टाळ्या. वाघचौरे साहेब उठून पाहुण्यांच्या खुर्चीत बसले.

मग मी नरवडेची फाईल पुढं ठेवली. नवं पेन, टोपण काढून. म्हटलं, साहेब, आमच्या इथं पहिली सही शुभ कामावर करतात.

दहिफळेंनी फाईल उघडली, वरचं पान पाहिलं, मिटली. "मॅडम, मी न वाचता कशावरही सही करत नाही. सोमवारी बघू."

"साहेब, रविवारी तिचं वय संपतंय."

"फाईलवर विधी शाखेचा शेरा एकोणीस तारखेचा आहे. अकरा दिवस ही कुठं होती?"

सगळ्यांसमोर विचारलं. उपसंचालक तौर साहेब होते, कारभारी होता, शाखांचे सगळे प्रमुख होते. तुमच्यासाठी ठेवली होती असं कसं सांगू त्या माणसाला? "प्रोसेसमध्ये होती साहेब," एवढंच निघालं. ते म्हणाले, "मग अजून दोन दिवस प्रोसेसमध्ये राहू द्या," आणि फोन उचलून आतल्या खोलीत गेले. एक वाजता तिथूनच गाडीनं पुण्याला. बायको-मुलांना आणायचंय म्हणे.

मी खुर्चीवर येऊन बसले. बाहेर बाकावर तनुजा. सकाळपासून आलेली, नवी साडी नेसून. मीच सांगितलं होतं ना, शुक्रवारी ये म्हणून! माझ्याकडं बघून हसली. मी मान खाली घातली आणि उगाच ड्रॉवर उघडला.

तीन वाजता सभागृहात वाघचौरे साहेबांचा निरोप समारंभ. भाषणं संपली, सगळे समोशांकडं वळले. मी फाईल पदराखाली धरून त्यांच्याजवळ गेले. म्हटलं, साहेब, एक सही. त्यांनी वाचलं. वाचता वाचताच बशी खाली ठेवली.

"अहो ताई, सोमवारी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

"राहून गेलं साहेब."

मग खिशातलं पेन काढून तिन्ही प्रतींवर सह्या केल्या, खाली तीस मे तारीख टाकली. माझं मनगटावरच्या घड्याळाकडं लक्ष गेलं, तीन वीस. सवयच ती. पावणेचारला जावक क्रमांक टाकला आणि तनुजाच्या हातात ऑर्डर दिली. ती रडली नाही. कागदाला हात लावायच्या आधी तिनं हात साडीला पुसले.

रिक्षात बसल्यावर आठवलं, त्या दोन रेघा. मध्यान्हपूर्व. तीन वीसला ते संचालक नव्हतेच. माझ्याच हातानं ठेवलेला शब्द! करायला गेले गणपती आणि झाला मारुती. पण सहीखाली वेळ कोण लिहितं? नुसती तारीख आहे. कोण बघायला बसलंय?

२ जून, सोमवार

तनुजा रुजू झाली. तिला जावक टेबल दिलं. सकाळी साडेनऊला येऊन झाडलेलं टेबल तिनं पुन्हा पुसलं. पेढे वाटले. मला दोन दिले, म्हणाली, एक घरी आईला न्या. दहिफळे साहेबांनी ऑर्डरची प्रत पाहिली आणि पान उलटलं. म्हटलं, सुटले.

११ जून, बुधवार

बरी आहे पोरगी. पोरगी कसली, पंचेचाळीसची बाई, पण तशीच वाटते. तीन दिवसांत जावक शिकली. नोंदवहीत अक्षर असं लिहिते की वाचत राहावं. जेवताना मला म्हणाली, "ताई, पहिल्यांदाच पंख्याखाली बसून काम करतेय. लाज वाटती." मी म्हटलं, सवय होईल. मॅडमची ताई कधी झाले, तिलाही कळलं नाही आणि मलाही.

१७ जून, मंगळवार

आप्पासाहेब तौर, उपसंचालक, लेखा शाखा त्यांच्याकडंच. पावलांचा आवाज न करता येऊन उभे राहतात. तनुजाचा पहिला पगार काढायला कागद तपासत होते. हातात पदभार प्रमाणपत्र आणि जावक नोंदवही.

"ताई, पदभार मध्यान्हपूर्व दिलाय. ऑर्डर जावक पावणेचारला. सही नेमकी केव्हाची?"

मी म्हटलं, जावक उशिरा पडली असेल.

"जावक उशिरा पडू शकते. ते मान्य. पण सही केव्हाची?"

मी वाजत नसलेला फोन उचलून कानाला लावला. ते गेले. जेवणाचा डबा तसाच परत आणला.

२० जून, शुक्रवार

दहिफळे साहेबांनी लेखी खुलासा मागितला. एकच प्रश्न, सही किती वाजता झाली. सभागृहात आम्ही दोघंच बोललो होतो, बाकी सगळे समोशांत. म्हणजे माझ्या आणि वाघचौरे साहेबांच्या शब्दावर सगळं.

मी पॅसेजमध्ये जाऊन नागपूरला फोन लावला. वाघचौरे साहेब लगेच म्हणाले, "अकराच्या आत केली असं लिहा. दहिफळेंनी आतल्या प्रती उलटून पाहिल्याच नव्हत्या. मला विचारलं तर मीही तेच सांगेन. त्या बाईचं घर आहे हो ताई."

म्हटलं, हो साहेब.

परत येऊन बसले. कागद घातला. तेवढ्यात तौर साहेब आले आणि माझ्याकडं न बघताच म्हणाले, "पेन्शनचे कागद ऑगस्टला सुरू होतील ना तुमचे? खोट्या खुलाशावर पेन्शन अडकतं, बरं का. मी आपलं सांगितलं."

चौतीस वर्षांत मी एक खोटी नोंद केलेली नाही. एक नाही! मी लिहिलं, 'दिनांक ३० मे रोजी दुपारी ३ वाजून २० मिनिटांनी सभागृहात स्वाक्षरी घेण्यात आली.' घेण्यात आली, असंच लिहितात. चार ओळींचा खुलासा. साहेबांनी वाचला, म्हणाले, "थँक यू मॅडम. प्रामाणिक आहात. तुम्ही आहात तिथंच राहा." म्हणजे खुर्ची राहिली माझी.

खरं लिहिलं, मग वाईट वाटायचं कारण नाही. आईला सांगितलं तर ती उठून देवघराकडं, म्हणजे बुद्धाच्या फोटोकडं तोंड करून बसली. तिला वयामुळं सगळं उलटंच कळतं हल्ली.

४ जुलै, शुक्रवार

नेमणूक रद्दची ऑर्डर निघाली. टाईप मीच केली, दुसरं कोण करणार? 'श्रीमती खिल्लारे यांच्या दिनांक २० जूनच्या खुलाशानुसार सक्षम अधिकाऱ्याची स्वाक्षरी नसल्याने.' माझं नाव मीच टाईप केलं.

तनुजाला द्यायला कुणी उठेना. शेवटी मीच गेले. तिनं दोनदा वाचली.

"म्हंजे उद्यापासून येऊ नको का ताई?"

"उद्या शनिवार आहे गं," मी म्हटलं. देवा, काय बोलले मी हे!

तिच्यापुढं सतरा पाकिटं राहिली होती. ती तिनं चिकटवली, नोंदवहीत चढवली, डिंकाच्या बाटलीचं झाकण लावलं आणि मग पिशवी उचलली. कारभारी तिला गेटपर्यंत सोडायला गेला. 

९ जुलै, बुधवार

मुंबईच्या मुख्य कार्यालयाला प्रस्ताव पाठवला. विशेष बाब म्हणून वयाची अट शिथिल करावी. मसुदा मी स्वतः केला, रात्रंदिवस खपून. शाळेतल्या तारखेचंही घातलं. असा मसुदा आमच्या ऑफिसात कुणाला जमणार नाही. मुंबईचे खातेप्रमुख सहृदय आहेत म्हणतात. तनुजाला फोन करून सांगितलं. म्हणाली, व्हय का, बरं.

२४ जुलै, गुरुवार

मुंबईच्या खातेप्रमुखांचीच बदली झाली. प्रस्ताव परत आला. 'नवीन खातेप्रमुख रुजू झाल्यानंतर नव्याने सादर करावा.' न उघडता परत आलाय. स्टेपलच्या पिना तशाच आहेत.

सरकारी काम आणि सहा महिने थांब, हे आम्हीच लोकांना हसत हसत सांगायचो.

नव्यानं सादर केला.

१२ ऑगस्ट, मंगळवार

नवीन खातेप्रमुखांचा शेरा आला. 'अमान्य.' तीन अक्षरं. त्यांची बहुतेक ती पहिल्या आठवड्यातलीच सही असेल.

आणि दुपारी ग्रुपवर ऑर्डर. दहिफळे परत पुण्याला. पंचाहत्तर दिवससुद्धा भरले नाहीत. इथं कुणी येईपर्यंत प्रभारी म्हणून आप्पासाहेब तौर. दहिफळे सामान आवरताना म्हणाले, मॅडम, चांगलं काम आहे तुमचं. मी थँक यू म्हटलं. त्या माणसानं एकदाही चूक केली नाही. न वाचता सही केली नाही, खोटं चालू दिलं नाही, नियमाबाहेर गेला नाही. आणि तनुजा रस्त्यावर. मग चूक केली कुणी?

हे वाक्य लिहून मी तासभर बसले होते.

१७ ऑगस्ट, रविवार

पाचोडला गेले. आईनंच धाडलं म्हणायचं. सकाळी म्हणाली, "त्या बाईला फोनवर सांगनार का 'अमान्य'? जा की. तुझे पाय काय भाड्यानं दिलेत?"

तनुजा घरी नव्हती. शेजारणीनं सांगितलं, मोसंबीच्या आडतीवर निवडायला जाते. पत्र्याच्या शेडमध्ये बायकांच्या रांगेत बसली होती, डाग पडलेली एकीकडं, चांगली एकीकडं. मला पाहून लगबगीनं उठली. पोतं झटकून बसायला दिलं. मोसंबी सोलून हातात ठेवली.

मी 'अमान्य' सांगितलं. ती म्हणाली, "मला ठावं व्हतं ताई. तुम्ही लई केलं माझ्यासाठी. कोण करतंय एवढं?"

ते मला सोसलं नाही. तिनं शिव्या दिल्या असत्या तर मी ऐकून परत आले असते. मी सांगून टाकलं. एकोणीस तारखेलाच फाईल पूर्ण होऊन आली होती. नवीन साहेबांच्या पहिल्या सहीसाठी मी ती कपाटात ठेवली. सव्वीसला वाघचौरे साहेबांनी स्वतः मागितली, तर मी नाही म्हटलं. मला माझी खुर्ची टिकवायची होती गं, हेही सांगितलं. हे मी आजवर या वहीतसुद्धा लिहिलं नव्हतं.

ती हातातलं मोसंबं फिरवत राहिली. मग म्हणाली, "एकवीसला मी आलते. तुमच्या म्होरंच बसलते. चहा पाजला तुम्ही."

"हो."

"कपाट कुठं असतं तुमचं?"

"माझ्या पाठीमागं."

"म्हंजे माझ्या म्होरं." शेजारची बाई आमच्याकडं बघत होती. तनुजानं आवाज खाली आणला. "ताई, मी शिकलेली कमी. पण त्या रद्दच्या कागदात लिवलंय, तुमच्या खुलाशानुसार. तीन वीसला सही झाली, हे खरं खरं लिवलंत तुम्ही."

"हो."

"मग हे अकरा दिवस का नाय लिवले?"

मी दोनदा तोंड उघडलं. तिनं वाट पाहिली, रागानं नाही, नुसती वाट पाहिली. मग मुकादमानं हाक मारली, तशी ती पुन्हा रांगेत जाऊन बसली आणि निवडायला लागली. माझ्याकडं पाठ होती. मी तशीच स्टँडवर आले.

१८ ऑगस्ट, सोमवार

आईला सांगून आज सकाळी ऑफिसात सगळ्यांच्या आधी जाऊन लिहिलं. दीड पान. १९ मे ते ३० मे ही फाईल माझ्या ताब्यात होती, कुणाच्याही सांगण्यावरून नव्हे, मी स्वतः अडवली, संचालकांनी विचारलं असता खोटं सांगितलं, विलंब प्रशासनाचा आहे, अर्जदाराचा नाही, तरी तिचा विचार व्हावा. 'ठेवण्यात आली' असं कुठंही लिहिलं नाही. 'मी ठेवली' लिहिलं. खाली पूर्ण सही.

अकराला तौर साहेबांपुढं ठेवलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, चष्मा काढला. दार लोटून घेतलं.

"ताई, यानं तिला नोकरी लागंल का? ते मी सांगू शकत नाही. मुंबईला पाठवावं लागंल, तिथं कुणाला तरी दया आली तर आली. पण तुमची चौकशी मात्र लागंल. ते मी सांगू शकतो. मार्चला रिटायर, सात महिने राहिले. पेन्शन, ग्रॅच्युइटी, सगळं थांबंल. घरात म्हातारी आई आहे तुमच्या." कागद टेबलावरून माझ्याकडं सरकवला. "मी हा वाचलाच नाही. आवक झालेला नाही अजून. नेताय का ठेवताय?"

पंखा फिरत होता. कागदाचा कोपरा उडत होता, त्यावर त्यांनी बोट ठेवलं होतं. माझ्या उत्तराची वाट बघत होते.

मी कागद परत घेतला.

घरी आले तर आईनं विचारलं, दिलास का कागद? मी म्हटलं, साहेब रजेवर आहेत.